अक्षय्य तृतीयेची इमेज

पंचवटीत मालेगाव स्टँडच्या मागच्या गल्लीत मंगलाबाई थेटे यांचं वधू-वर सूचक केंद्र आहे. केंद्र म्हणजे त्यांच्याच तळमजल्यावरच्या फ्लॅटची पुढची खोली. बाहेर पाटी, आणि पाटीवर केंद्राच्या नावाखाली एक ओळ: 'इथे जमलेले लग्न मोडत नाही.' ही ओळ मंगलाबाईंना स्वतःला सुचलेली. दर पाडव्याला तिच्यावर लाल रंगाचा नवा हात फिरतो. नाशिक जिल्ह्यात लग्नं जमवणारे पुष्कळ आहेत, पण मोडत नाही असं लेखी द्यायची छाती दुसऱ्या कुणाला झालेली नाही.

आता लग्नं मोडतात. कुणीही जमवलेली मोडतात आणि मंगलाबाईंनी जमवलेलीही मोडायची. पण तसं कानावर आलं की मंगलाबाई चष्मा लावून कॉम्प्युटरपुढे बसत आणि त्या दोघांची नावं 'विवाह जुळला' या यादीतून काढून टाकत. नाव गेलं की ते लग्न आपण जमवलंच नव्हतं. यात खोटेपणा आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. तांदूळ निवडताना खडा बाजूला टाकला म्हणून तांदूळ खोटा ठरतो का, असं त्या म्हणाल्या असत्या, पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. परत आलेल्या मुलीचे आईबाप नाव नोंदवायला दारात आले, तर त्या त्यांना पाणी देत, प्रवास कसा झाला ते विचारत, आणि मग हळू आवाजात सांगत, "दुसरेपणाची नावं आमच्याकडे घेत नाहीत."

अडचण एवढीच होती की गेल्या होळीला त्यांची स्वतःची मुलगी तृप्ती पुण्याहून दोन बॅगा घेऊन परत आली होती.

तृप्तीचं लग्नही मंगलाबाईंनीच जमवलेलं. मुलगा कौस्तुभ, चांगली नोकरी, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, छत्तीसातले एकोणतीस गुण जुळलेले. जावयात खोट काढायला जागा नव्हती. तो दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता. तो फक्त तृप्तीशी बोलत नव्हता. आधी आठवडा आठवडा, मग महिना महिना. शेवटी शेवटी एकाच घरात बसून दोघं मोबाइलवर विचारायची, गॅस बंद केला का. तृप्तीनं हे आईला सांगितलं तेव्हा मंगलाबाई म्हणाल्या, "बोलत नाही हे काय कारण झालं? तुझे वडील कुठे बोलायचे?"

गल्लीत त्यांनी सांगून ठेवलं होतं की तृप्तीचं काम घरूनच चालतं, आणि माझे गुडघे धरलेत म्हणून ती अधूनमधून येते. हे 'अधूनमधून' टिकवायचं तर ती सारखी दिसता कामा नये. म्हणून स्थळं बघायला माणसं आली की तृप्ती आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. संध्याकाळी गल्लीतल्या बायका ओट्यांवर बसत, त्या वेळी दुधालाही जायची नाही. असं होळीपासून चाललं होतं. पितृपक्षात तिनं आईला शांतपणे सांगितलं, "दिवाळीपर्यंत तू लोकांना खरं सांग. नाही सांगितलंस तर मी बंगळुरूला बदली घेते. तिथे मला कुणी ओळखत नाही, निदान दार उघडं ठेवून बसता येईल."

मंगलाबाईंना एकच मुलगी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तृप्ती बंगळुरूला गेली तर या घरात आपण आणि ती पाटी एवढंच उरणार, हे त्यांना कळत होतं. पण पाटी उतरली तर आपण कोण, हे कळत नव्हतं. दिवाळी अजून लांब आहे, असं म्हणून त्यांनी तो विचार पुढे ढकलला.

आणि घटस्थापनेच्या दिवशी केंद्राचा कॉम्प्युटर बंद पडला.

सकाळी घट बसवून, कॉम्प्युटरलाही उदबत्ती ओवाळून त्यांनी बटण दाबलं, तर आतून नुसता टकटक आवाज. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होणार, नवरात्रात माणसं स्थळं बघायला येणार, आणि सगळ्या पत्रिका त्या खोक्यात. त्यांनी दिनेशला फोन लावला.

दिनेश देवळाली कॅम्पातला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्याचं लग्न मंगलाबाईंनीच जमवलेलं असल्यामुळे तो त्यांना मावशी म्हणायचा आणि त्यांच्याकडून येण्याजाण्याचे पैसे घ्यायचा नाही. तो आला, त्यानं खोकं उघडलं, कान लावून आवाज ऐकला.

"डिस्क गेली, मावशी. पण काळजी करू नका. मी दर आठवड्याला आपोआप इमेज निघेल असं लावून ठेवलंय ना, ती कालच निघालीय. नवी डिस्क बसवतो आणि तिच्यावर ती इमेज उतरवतो. कालचा दिवस जसाच्या तसा उभा राहील."

इमेज म्हणजे काय हे त्यानं पूर्वी समजावून सांगितलं होतं. एकेक फाइल निवडून ठेवायची नाही, सगळी डिस्क आहे तशी उचलायची: पत्रिका, फोटो, प्रोग्रॅम, सेटिंग, कचरापेटीतला कचरासुद्धा. ती बाहेरच्या एका छोट्या डिस्कमध्ये राहते आणि वेळ आली की दुसऱ्या डिस्कवर ओतता येते. मंगलाबाई तिला फोटो म्हणत.

"काल?" त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "काल सर्वपित्री अमावास्या होती."

"असेल. मशीनला काय कळतं."

"मशीनला नाही कळत, आपल्याला कळतं ना. पितरांच्या दिवशी काढलेल्या फोटोवरून मी लग्नं जमवू?"

दिनेश आधी हसला. मावशी हसत नाहीत असं पाहिल्यावर त्यानं तृप्तीकडे पाहिलं. आतल्या दारात उभी असलेली तृप्ती म्हणाली, "आई, एका दिवसापूर्वीची आहे ती. काहीच जाणार नाही. अमावास्येची होती हे कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," मंगलाबाई म्हणाल्या. पाहिजे ती नावं पुसून पाटीला रंग देणाऱ्या बाईनं हे अगदी मनापासून म्हटलं, आणि तिला त्यात काही विसंगत वाटलं नाही. "दुसरी नाही का एखादी?"

दुसरी होती. आपोआप निघणारी इमेज जुनीला पुसून तिच्या जागी बसायची, त्यामुळे मधल्या काळातलं काही शिल्लक नव्हतं. पण अगदी पहिली इमेज मंगलाबाईंनी पुसू दिली नव्हती. अडीच वर्षांपूर्वी, उन्हाळा लागताच, हा कॉम्प्युटर घरात आला. तृप्तीनं कागदावरच्या सगळ्या पत्रिका त्यात टाइप केल्या. अक्षय्य तृतीयेला काम पुरं झालं, त्या मुहूर्तावर दिनेशनं पहिली इमेज काढली, आणि मंगलाबाईंनी त्या छोट्या डिस्कला हळद-कुंकू लावून तिला देवघराच्या खणात ठेवलं. त्या दिवशी केलेलं क्षय पावत नाही, म्हणून तिला हात लावायचा नाही असं त्यांनी दिनेशला बजावलं होतं.

"ती उतरव," मंगलाबाई म्हणाल्या.

"मावशी, ती अडीच वर्षांपूर्वीची आहे. त्यानंतरची सगळी नावं जातील."

"पाठ आहेत मला."

"आणि मधे ज्यांची लग्नं झाली, ती सगळी परत बिनलग्नाची होतील," तृप्ती म्हणाली.

"होऊ देत. मी एकेकाच्या नावापुढे जुळलं म्हणून खूण करीन. चार दिवसांचं काम."

"त्यात मी पण असेन, आई," तृप्ती म्हणाली.

खरं सांगायचं तर अमावास्येची भीती होतीच, ती काही बहाणा नव्हती. पण त्या भीतीच्या मागे आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी स्वतःलाही धड सांगितली नव्हती. त्या उन्हाळ्यात तृप्ती याच खुर्चीत बसून टाइप करायची, आंब्याची फोड तोंडात धरून, पत्रिकांमधल्या गमती मोठ्यानं वाचून दाखवायची, आणि दोघी हसून हसून थकायच्या. त्या वेळचं जे काही शिल्लक असेल ते त्यांना परत पाहायचं होतं.

दिनेशनं जास्त वाद घातला नाही. गिऱ्हाइकाला पाहिजे ते द्यावं, असं त्याचं धोरण होतं, आणि दोन्ही इमेज जागच्या जागी राहणारच होत्या. त्यानं नवी डिस्क बसवली, पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला, हळद-कुंकवाची डिस्क जोडली, जोडण्याआधी तिच्या पिनेत गेलेली हळद टूथब्रशनं झाडली, आणि कुठून कुठे उतरवायचं ते दोनदा तपासून बटण दाबलं. पडद्यावर निळी पट्टी पुढे सरकायला लागली. मंगलाबाईंनी तिच्यासमोर निरांजन ठेवलं, ते दिनेशनं हळूच बाजूला सरकवलं.

दुपारी कॉम्प्युटर उघडला. पडद्यावर मागे हापूसच्या पेटीचा फोटो, तृप्तीनंच त्या वर्षी लावलेला. प्रोग्रॅम उघडला तर वधूंच्या यादीत सगळ्यात वर तृप्ती. फोटोत जांभळी पैठणी, गळ्यात काही नाही, आणि फोटो काढणाऱ्यावर रागावल्यासारखं हसू. खाली आईनं भरलेली माहिती. अपेक्षा: 'उच्चशिक्षित, निर्व्यसनी, पुण्यात स्वतःचा फ्लॅट.' मंगलाबाई त्या फोटोकडे खूप वेळ बघत बसल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पदरानं पुसले. तृप्ती त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. ती म्हणाली, "बारीक होते मी," आणि आत निघून गेली.

जुळलेल्यांच्या खुणा उद्या करू, असं मंगलाबाईंनी ठरवलं. आज घट बसलेत, चांगल्या दिवशी सुरुवात झाली, तेवढं पुरे.

आता प्रोग्रॅममध्ये एक सोय होती, तिची आठवण त्या दिवशी तिघांपैकी कुणालाही राहिली नव्हती. रोज सकाळी आठला कॉम्प्युटर आपोआप चालू व्हायचा आणि नोंदवलेल्या प्रत्येक पालकाला मेसेज पाठवायचा. वर 'आजची स्थळे' म्हणून यादीतली पहिली काही नावं आणि खाली तुमच्या मुलासाठी किंवा मुलीसाठी सर्वांत जास्त जुळणारं एक. ज्यांचं जुळलं त्यांना मेसेज जायचा नाही. अक्षय्य तृतीयेच्या इमेजमध्ये मात्र कुणाचंच जुळलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंगलाबाई घटाला माळ घालत असताना केंद्राचा फोन वाजायला लागला तो थांबेना. पहिली बाई भडकलेलीच होती. "माझ्या सुनेला सातवा महिना लागलाय आणि तुम्ही मुलासाठी स्थळ पाठवता?" दुसऱ्या गृहस्थांच्या मुलीचा नवरा समोर बसून चहा पीत असताना मेसेज आला होता, आणि मोबाइल जावयाच्याच हातात होता. पिंपळगावच्या एका सासूनं मात्र आवाज खाली घेऊन विचारलं, "ती ओझरची मुलगी बरी वाटते. फोटो आहे का?" दिनेशचाही फोन आला. मेसेज त्याच्या आईच्या मोबाइलवर गेला होता, आणि तो वाचला त्याच्या बायकोनं. तो येतोच म्हणाला, पण आवाजावरून त्याला निघायला थोडा वेळ लागेल असं वाटत होतं.

"मशीनची चूक आहे," मंगलाबाई प्रत्येकाला सांगत होत्या. "मशीनची चूक, मनावर घेऊ नका."

एक मेसेज त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवरही आला होता. त्या काळी तृप्तीची पालक म्हणून त्यांचाच नंबर नोंदवलेला होता. फोनच्या गर्दीत त्यांना तो दिसला नाही. तृप्तीनं मोबाइल उचलला आणि मोठ्यानं वाचला: "तृप्ती थेटे यांच्यासाठी आजचे सर्वोत्तम स्थळ. कौस्तुभ, पुणे. गुण एकोणतीस."

वाचून ती हसायला लागली. होळीपासून या घरात ती अशी हसली नव्हती. हसता हसता खाली बसली, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. "तू आणि तुझं मशीन," ती म्हणाली, "कितीही मागे नेलं तरी दोघं तिथेच येता."

मंगलाबाईंना ते लागलं. पण त्या उत्तर देणार एवढ्यात पुन्हा फोन वाजला. नात्यातल्या एक बाई होत्या. त्या विचारत होत्या की सगळ्यात वर तृप्तीचं नाव दिसलं, ते कसं काय.

"मशीनची चूक," मंगलाबाई म्हणाल्या. "तृप्ती ना? ती तिकडे सुखात आहे."

तृप्तीचं हसू थांबलं. ती उठली, आत गेली, आणि दार लावून घेण्याआधी तिथूनच म्हणाली, "आई, मी दिवाळीपर्यंत थांबत नाही. बदलीची मेल आजच टाकते."

कौस्तुभच्या घरी तृप्तीचं स्थळ गेलंच असणार. तिकडून फोन आला नाही. ती सगळीच माणसं कमी बोलणारी.

दुपारी बेल वाजली. दारात नांदगावच्या लताबाई उभ्या होत्या, हातात पिशवी, गाडीच्या गर्दीत चुरगळलेलं नवं लुगडं. त्यांना पाहताच मंगलाबाईंना ओशाळल्यासारखं झालं. लताबाईंच्या हर्षालीचं लग्न मंगलाबाईंनीच जमवलं होतं. वर्षभरात ती परत आली. गेल्या साली लताबाई पुन्हा नाव नोंदवायला आल्या तेव्हा त्यांना पाणी मिळालं, प्रवासाची विचारपूस झाली, आणि ते वाक्य ऐकून त्या त्याच पावली परत गेल्या होत्या. अडीच वर्षांपूर्वीच्या यादीत हर्षाली अर्थातच होती. म्हणजे सकाळी मेसेज नांदगावलाही गेला होता.

लताबाई खुर्चीत बसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढून टेबलावर ठेवला आणि मंगलाबाईंचा हात धरला.

"बाई, सकाळी हर्षालीनं मेसेज वाचून दाखवला. आधी वाटलं कुणी थट्टा करतंय. मागल्या साली तुम्ही नाय म्हणला होता, अन् आता तुम्हीच नाव घेतलं. मग वरती तृप्तीताईचं नाव वाचलं. मी म्हणलं, म्हंजे बाईच्या घरातबी तेच झालंय. अन् बाईनं लपवलं नाय, सगळ्यांच्या वर घातलं."

"लताबाई, बसा आधी," मंगलाबाई म्हणाल्या.

"बसायला नाय आले. हर्षाली वर्सभर घराबाहेर पडली नव्हती. दळण आणायलाबी मीच जायची. आज मला टेसनापर्यंत सोडाया आली. म्हणली, तृप्तीताईला लाज नाय तर मला काय म्हणून असावी." लताबाईंनी डोळे पुसले. "स्थळ जमो का न जमो बाई. तुमच्या पाया पडाया आले मी."

आणि त्या खरोखरच वाकल्या.

मंगलाबाईंच्या तोंडावर ते वाक्य तयार होतं. सकाळपासून इतक्यांदा म्हटलं होतं की आता ते आपोआप यायचं. मशीनची चूक आहे लताबाई, मनावर घेऊ नका. असं म्हटलं की पाटी राहते. लताबाई पेढे इथेच ठेवून परत जातील, संध्याकाळी हर्षालीला सांगतील, आणि ती पुन्हा घरात बसेल. इथे आतल्या दाराला कडी होती आणि कडीच्या पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला होता. तृप्ती ऐकत होती. मंगलाबाईंना एकदम फार लाज वाटली. लग्न मोडल्याची नाही. आपल्या लेकीनं होळीपासून दार लावून घ्यावं आणि नांदगावच्या मुलीला तिचं नाव वाचून बाहेर पडावंसं वाटावं, आणि हे सगळं आपल्या चुकीनं व्हावं, आपल्या धीरानं नव्हे, याची.

त्यांनी लताबाईंना खांद्याला धरून उठवलं.

"पाया पडू नका माझ्या. मी काही धीर केलेला नाही," त्या म्हणाल्या. "जुनं काहीतरी उलटून वर आलं आणि मेसेज गेले. सकाळपासून सगळ्यांना सांगते आहे, मशीनची चूक." लताबाईंचा चेहरा उतरलेला त्यांना दिसला आणि त्या घाईघाईनं पुढे म्हणाल्या, "पण चूक मशीनची नाही. तिथी मी निवडली होती. आणि तृप्तीचं तुम्ही वाचलं ते खरं आहे. ती होळीपासून माझ्याकडेच आहे. हर्षालीचं नाव मी पुसलं होतं. ते आज पुन्हा घेते, तुमच्या समोर."

लताबाईंना तिथीचं काही कळलं नाही. बाकीचं कळलं. त्या आता खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पाणी मागितलं.

पाणी घेऊन तृप्ती बाहेर आली. दिनेश सोडला तर होळीनंतर पहिल्यांदाच कुणी बाहेरचं माणूस बसलेलं असताना तिनं ते दार उघडलं होतं. लताबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला, बारीक झालीस म्हणाल्या, आणि एवढ्यावर त्या दोघींचं सगळं बोलून झालं.

लताबाई गाडीला निघून गेल्यावर दिनेश आला. तो ओशाळलेला होता आणि बायकोला माहेरी जाण्यापासून थांबवून आला होता.

"मावशी, अमावास्येची इमेज अजून आहे तशी आहे. तासाभरात उतरवतो. सगळं बरोबर होईल."

मंगलाबाईंनी मान डोलावली. पुन्हा निळी पट्टी सरकली. या खेपेला त्यांनी निरांजन आणलं नाही. हापूसची पेटी गेली आणि परवाचा कॉम्प्युटर पडद्यावर आला. अमावास्येच्या त्या इमेजमध्ये सगळं बिनचूक होतं. ज्यांची लग्नं झाली त्यांची झालेली होती, ज्यांची मोडली त्यांची नावं कुठेच नव्हती, आणि तृप्ती थेटे 'विवाह जुळला' या यादीत सुखात होती.

"झालं बरोबर," दिनेश म्हणाला.

"तू जा आता, बायको वाट बघत असेल," मंगलाबाई म्हणाल्या, आणि चष्मा लावून खुर्चीत बसल्या.

पुसलेली नावं त्यांना खरोखरच पाठ होती. नावं पुसणाऱ्यालाच ती सगळ्यात जास्त पाठ असतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पहिलं त्यांनी हर्षालीचं घातलं. मग एकेक करत सगळी. वैवाहिक स्थितीच्या चौकटीत 'विभक्त' असा तिसरा पर्याय पहिल्यापासून होता, फक्त तिथे त्यांचा बाण कधी गेला नव्हता. शेवटी त्यांनी तृप्तीचं पान उघडलं आणि तिथेही बाण त्या शब्दावर नेऊन दाबला. तसं करताच खालची अपेक्षेची चौकट उघडली. उच्चशिक्षित, निर्व्यसनी, पुण्यात स्वतःचा फ्लॅट. ते त्यांनी एकेक अक्षर मागे घेत पुसलं.

"तृप्ती," त्यांनी हाक मारली. "अपेक्षा काय लिहू?"

तृप्ती दाराशी आली. "मागच्या वेळी विचारलं नव्हतंस."

"म्हणून तर आता विचारते."

"काही लिहू नकोस. मला सध्या कुणी नको आहे. मला फक्त इथे राहायचं आहे."

मंगलाबाईंनी चौकट रिकामी ठेवून बटण दाबलं. प्रोग्रॅमनं ते घेतलं नाही. ही माहिती भरणे आवश्यक आहे, असं त्यानं लाल अक्षरांत सांगितलं. तो प्रोग्रॅम त्यांनीच सांगून करून घेतला होता. मुलीला काही अपेक्षाच नाही असं होऊ नये, म्हणून ही चौकट रिकामी राहता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. मग त्यांनी एका बोटानं, सावकाश टाइप केलं: 'मुलीला विचारून सांगू.' ते घेतलं गेलं.

पाटीचं मात्र त्यांनी लगेच काही केलं नाही. पेंटर नवरात्राच्या मंडळांत अडकला होता, आणि स्वतः शिडीवर चढून ती ओळ खरवडण्याइतका त्यांचा स्वभाव एका दुपारीत बदलणं शक्य नव्हतं. त्यांनी झेंडूचं तोरण आणलं आणि नेहमीपेक्षा जरा खाली बांधलं, इतकं की नाव दिसावं आणि लाल ओळ दिसू नये.

संध्याकाळी तृप्तीनं दुधाची पिशवी घेतली आणि चपला घालून पुढच्या दारानं बाहेर पडली. गल्लीतल्या बायका ओट्यांवर बसलेल्या होत्या. मंगलाबाई खिडकीशी दिवा लावत होत्या. त्यांचा हात खिडकीच्या दाराकडे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला. समोरच्या ओट्यावरच्या चिमणाबाईंचा आवाज आला, "अगं तृप्ती, कधी आलीस?"

"होळीला," तृप्ती म्हणाली.